ऊन पाहाले पैसे?

"काबरं?" हा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पहिला प्रश्न. दुसरा लगेच आला, "ऊन पाहाले पैसे द्यायचे?"

चूक माझीच. दिवाळीचा उरलेला चिवडा समोर ठेवून मी मोठ्या उत्साहात म्हटलं होतं, "पुढच्या शनिवार-रविवारी आपण पाम स्प्रिंग्जला जाऊ. वाळवंटातलं गाव आहे, मस्त आहे." रावेर तालुक्यातल्या केळीवाल्याला 'वाळवंट' आणि 'मस्त' हे शब्द एका दमात ऐकवायचे नसतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसला टेकतो. उन्हाच्या झळांनी बाग करपू नये म्हणून अण्णा शेताच्या कडेनं गजराज गवताची भिंत उभी करतात आणि रात्री लाईट आली की उठून पाणी द्यायला जातात. त्या माणसाला मी सात समुद्र ओलांडून आणलं आणि म्हणाले, चला, ऊन बघू.

आई काही बोलली नाही. तिनं फक्त विचारलं, "तिथं चहा करता येईन का?"

तर ही पोस्ट म्हणजे त्या दोन दिवसांच्या बेताची कहाणी. अजून गेलेलो नाही, उद्या सकाळी निघतोय. पण बेत आखताना घरात जे झालं ते विसरायच्या आत लिहून ठेवते.

आम्ही कॅलिफोर्नियात अर्वाइनला राहतो. इथून पाम स्प्रिंग्ज साधारण शंभर मैल. ९१ नंबरचा हायवे धरायचा, रिव्हरसाइडला ६०, पुढे ब्यूमाँटजवळ १०, आणि पवनचक्क्यांचं रान लागलं की १११ वर उतरायचं. रस्ता मोकळा असेल तर दोन तासांच्या आत. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघालात तर मात्र ९१ वर रात्रीचं जेवण गाडीतच करावं लागतं. म्हणून आम्ही शनिवारी पहाटे निघणार. साडेसहा म्हटलंय. म्हणजे अण्णा पाचला बूट घालून सोफ्यावर बसलेले असणार आणि नवरा सव्वासातला अंघोळीला जाणार.

मी हे गाव एकदा पाहिलंय. पाहिलं म्हणजे काय, भोगलं. सहा वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये एका हॉटेलची खोली ८९ डॉलरला दिसली आणि मला वाटलं जग जिंकलं. काउंटरवर गेल्यावर कळलं की रिसॉर्ट फी म्हणून रोज वेगळे पैसे, गाडी लावायचे वेगळे. त्या फीमध्ये काय मिळतं विचारलं, तर पाण्याच्या दोन बाटल्या आणि वायफाय. बाहेर ११५ फॅरनहाइट, म्हणजे आपले सेहेचाळीस. पोहायचा तलाव सूर्यानं असा तापवला होता की त्यात उतरून कुणी गार होणं शक्यच नव्हतं. लेक तेव्हा तीन वर्षांचा. तलावाच्या काठच्या फरशीवर अनवाणी चार पावलं धावला आणि पाचव्या पावलाला त्यानं जो सूर लावला, तो अजून कानात आहे. दोन दिवस आम्ही पडदे ओढून खोलीत बसलो. मग लक्षात आलं, की ऑगस्टात इथं स्वस्त का असतं हे सगळ्या कॅलिफोर्नियाला माहीत होतं, मला सोडून. २०२४ च्या ५ जुलैला तर या गावानं १२४ फॅरनहाइट गाठलं, एक्कावन्न अंश, आणि तो तिथला आजवरचा उच्चांक.

त्यामुळे या वेळी नोव्हेंबर. दिवसा अठ्ठावीसच्या आसपास, रात्री स्वेटर. अण्णांना हे आकडे दाखवल्यावर ते म्हणाले, "मंग हे तं आपल्या संक्रांतीसारखं." तिथून जरा गाडी रुळावर आली.

राहायच्या जागेवर माझे तीन रात्रींचे तास गेले. पाम स्प्रिंग्जला छोटी छोटी जुन्या धाटणीची हॉटेलं खूप आहेत. सपाट छपरं, काचेच्या भिंती, मधोमध तलाव, नारिंगी दारं. एक असंच आवडलं. फोटो सुंदर, भाव बरा, बुक करायचं बटण दाबणार तेवढ्यात खाली बारीक अक्षरात दिसलं, एकवीस वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. ठीक. दुसरं शोधलं. हे तर त्याहून देखणं, शांत, बागेत लिंबाची झाडं. याही वेळी बारीक अक्षरं वाचली. तलावाच्या परिसरात कपडे ऐच्छिक.

मी लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की आईनं विचारलं, "काय झालं बाई?" म्हटलं, "काही नाही, जागा शिल्लक नाही." अण्णा धोतरावर तलावाच्या काठी बसलेत आणि शेजारी... जाऊ द्या. गाव मोकळ्या मनाचं आहे, समलिंगी लोकांची वस्ती इथं मोठी आणि जुनी आहे, आणि ज्याला जसं राहायचं तसं त्यानं राहावं. पण अण्णांसाठी बारीक अक्षरं आधी वाचावीत, एवढंच.

शेवटी दोन बेडरूम आणि छोटं स्वयंपाकघर असलेली जागा मिळाली. आईचा चहा मार्गी लागला.

आता खरी गोष्ट. मी जो बेत आखला होता, तो एका संध्याकाळी अण्णांनी मोडून टाकला. मोडला म्हणजे नाही म्हणून नव्हे. त्यांनी फक्त नकाशा बघितला.

माझ्या यादीत होतं: जुन्या सिनेनटांची घरं बघणं. हॉलिवूडपासून दोन-अडीच तासांवरचं हे गाव, तिथल्या लोकांची हक्काची पळवाट होती. फ्रँक सिनात्रानं १९४७ साली इथं बांधलेल्या घराचा तलाव पियानोच्या आकाराचा आहे. रिचर्ड नॉयट्राचं १९४६ चं कॉफमन हाऊस आहे. मग मेरिलिन मन्रोचा २६ फुटी पुतळा, उडत्या झग्यासकट. मग दुकानं. मग तलावाच्या काठी पुस्तक वाचत पडणं. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "दुसऱ्याची घरं रस्त्यावरून पाहाची?"

त्यांना सॅटेलाइट नकाशा फार आवडतो. गावाकडच्या आमच्या शेताचा बांध, विहीर, शेजाऱ्यानं दोन हात पुढे सरकवलेलं कुंपण, सगळं ते फोनवर बोटांनी मोठं करून बघतात. तसंच त्यांनी पाम स्प्रिंग्ज उघडलं. चष्मा कपाळावर, फोन नाकाजवळ. पाच मिनिटांनी म्हणाले, "हे पानी कोनाचं?"

म्हटलं, कुठलं? गावाच्या वायव्येला, पवनचक्क्यांच्या अलीकडे, डोंगरातून उतरलेल्या वाळूच्या पात्रात एकाला एक लागून आखलेले चौकोन. शेततळ्यांसारखे, पण अवाढव्य. मी त्या रस्त्यानं गेलेय आणि मला ते कधी दिसले नव्हते. शोधलं. व्हाइटवॉटर नावाच्या जागेची ती पाझर तळी. कोचेला खोऱ्यातले लोक जमिनीखालचं पाणी उपसून जगतात. पाऊस वर्षाला जेमतेम पाच इंच, तरी खोऱ्यात गोल्फची मैदानं सव्वाशेच्या घरात. उपसा वाढला, पातळी खाली गेली, तेव्हा यांनी कोलोराडो नदीचं पाणी कालव्यातून आणून या तळ्यांत सोडायला सुरुवात केली. १९७३ पासून. पाणी वाळूतून खाली मुरतं आणि पुढे गावोगावच्या बोअरला लागतं.

हे वाचून दाखवलं तेव्हा अण्णा बराच वेळ गप्प होते.

ज्यांना रावेर-यावल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सातपुड्याच्या पायथ्याला आमच्याकडे दगडगोट्यांचा, वाळूचा पट्टा आहे, त्याला बझाडा म्हणतात. पाणी मुरायला याहून चांगली जमीन नाही. केळीनं आम्हाला श्रीमंत केलं आणि केळीनंच विहिरी आटवल्या. अण्णांच्या लहानपणी मोटेनं पाणी यायचं, आज आमची ट्यूबवेल सातशे फुटांवर आहे. तापीचं वाहून जाणारं पाणी कालव्यांनी वळवून या पट्ट्यात मुरवायचं, अशी 'तापी मेगा रिचार्ज' नावाची योजना आहे. तिची सर्वेक्षणं, बैठका, बातम्या ऐकतच आम्ही मोठे झालो. आणि इथं माझे वडील अर्वाइनच्या डायनिंग टेबलवर बसून तीच गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीच झालेली बघत होते. तीही गोल्फच्या गवतासाठी.

"पयले हे पाहू," ते म्हणाले. "घरं ऱ्हाऊ दे."

म्हणून शनिवारची पहिली जागा आता व्हाइटवॉटर. आत जाता येत नाही, रस्त्यावरून जे दिसेल ते. तळ्यांत सध्या पाणी सोडलेलं असेल का, देव जाणे. कोरडी असली तरी चालेल म्हणतात, "माती तं पाहाता येईन." शंभर मैल गाडी हाकून रिकामं तळं बघायला जाणारं कुटुंब आमचंच असेल.

दुसरा मुद्दा सातबाऱ्याचा निघाला. मी सहज म्हटलं की या गावातली बरीचशी जमीन मूळच्या आदिवासींची आहे. अण्णा लगेच सरसावून बसले. "म्हंजे? उताऱ्यावर नाव कोनाचं?" मग जमेल तसं समजावलं. ही जमीन कहुइया लोकांची. त्यांच्या इथल्या शाखेला आग्वा कालिएंते म्हणतात, स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ गरम पाणी. १८७० च्या दशकात सरकारनं बुद्धिबळाचा पट आखावा तसे एक-एक मैलाचे चौकोन पाडले. विषम आकड्यांचे चौकोन रेल्वे कंपनीला दिले, सम आकड्यांचे पुढे या जमातीसाठी राखून ठेवले. आजही गावात फिरताना एक चौक ओलांडला की पायाखालच्या जमिनीचा मालक बदलतो. १९५९ साली ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याला कायद्यानं परवानगी मिळाली, त्यानंतर त्या चौकोनांवर हॉटेलं आणि बंगले भराभर उभे राहिले. घर तुमचं, जमीन त्यांची.

हे सांगताना मी सेक्शन १४ चंही सांगितलं, कारण अण्णांपासून लपवायचं कशाला. गावाच्या अगदी मधला तो चौकोन. हॉटेलांत राबणारी काळी आणि मेक्सिकन कुटुंबं तिथं राहायची. जमीन मोक्याची झाल्यावर पन्नास-साठच्या दशकांत त्यांना हुसकावून घरं पाडली, जाळली. त्या कुटुंबांना नगरपालिकेनं भरपाई मंजूर केली ती २०२४ मध्ये. अण्णा एवढंच म्हणाले, "अतिक्रमन हटाव." आणि पान उलटावं तसं बोट नकाशावर पुढे सरकवलं.

गरम पाण्याचा झरा त्याच भागात आहे. तो जमातीचाच, त्यावर आता त्यांचं झकास स्नानगृह आहे. आईचे गुडघे दुखतात म्हणून मी ते यादीत घातलं होतं. दर ऐकल्यावर तिनं डॉलरचे रुपये केले. ती कितीही नाही म्हटलं तरी करतेच. मग म्हणाली, "उनपदेवाले गोमुखातून फुकट पडते." आमच्या जिल्ह्यात अडावदजवळचं उनपदेव. लहानपणी बैलगाडीनं जायचो, खरूज जाते म्हणून. आता यावर मी काय बोलणार? स्नानगृह कटाप.

आईसाठी मात्र एक गोष्ट मी हट्टानं ठेवलीय, हवेतली ट्रॅम. १९६३ पासून चालतेय. एका डब्यात ऐंशी माणसं उभी राहतात आणि डब्याची फरशी वर जाता जाता गोल फिरते, त्यामुळे खिडकीसाठी भांडण नाही. खालचं ठाणं २,६४३ फुटांवर, वरचं ८,५१६ फुटांवर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही तीन हजार फूट वर, आणि तेही दहा मिनिटांत. खाली निवडुंग, वर देवदारासारखी झाडं. तपमान तीस-चाळीस फॅरनहाइटनं उतरतं, म्हणून गाडीत सगळ्यांचे कानटोपे आधीच ठेवलेत. वरच्या ठाण्यातून जंगलाकडे उतरणारी सिमेंटची वाट चांगलीच उभी आहे. आई ती उतरणार नाही, काचेशी बसून चहा पिणार, हे ठरलंय. अण्णांना बीपीची गोळी आहे, तेव्हा तेही आईजवळ बसतील असं डॉक्टरांनी नाही, मी ठरवलंय. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

एक गोष्ट जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. गाव सॅन हासिंटो डोंगराच्या अगदी पायाशी आहे आणि डोंगर पश्चिमेला. घड्याळं नुकतीच एक तास मागे गेलीत. सूर्यास्त पावणेपाचला असला तरी गावावर डोंगराची सावली त्याच्या कितीतरी आधी पडते. दुपारी चारला पोहू म्हणालात तर कुडकुडाल. पोहणं जेवणाआधी, ट्रॅम दुपारी, असा क्रम लावलाय. लेकाला फक्त पोहण्याशी मतलब आहे. त्याला रस्त्यात कॅबझॉनचे सिमेंटचे डायनासोर दाखवले की तो रविवारपर्यंत काही मागणार नाही. जोशुआ ट्री मी काढून टाकलं. तिथं जायचं तर पूर्ण दिवस हवा, आणि दोन दिवसांत पाच ठिकाणं कोंबली की आई तिसऱ्या ठिकाणी गाडीतून उतरत नाही, हा युनिव्हर्सल स्टुडिओचा अनुभव आहे.

रविवार सगळा खजुराचा.

यावर घरात एकमत झालं तेव्हा मलाच हसू आलं, कारण माझ्या मूळ यादीत खजूर 'वेळ उरल्यास' या खान्यात होता. गावाच्या पुढे अर्ध्या-पाऊण तासावर इंडिओ, थर्मल, मेक्का अशी गावं आहेत. हो, मेक्का. अरबस्तानाची हौस इतकी की गावाचं नावही तेच. अमेरिकेतला बहुतेक खजूर या खोऱ्यात पिकतो. मेदजूल जातीची तर गोष्टच आहे. मोरोक्कोत खजुराच्या झाडांवर रोग आला होता. १९२७ साली तिथून अकरा मुनवे, म्हणजे झाडाच्या बुडाशी फुटणारी पिलं, इकडे आणले. रोग पसरू नये म्हणून आधी नेवाडात, बाकीच्या झाडांपासून दूर, कित्येक वर्षं वेगळे ठेवले. अकरातले नऊ जगले. त्या नवांच्या पिलांपासून इथल्या मेदजूलच्या बागा झाल्या.

"नऊ?" अण्णांनी दोनदा विचारलं. तीन वर्षांपूर्वी सीएमव्ही नावाच्या विषाणू रोगानं आमची अडीच एकर केळी उपटून फेकावी लागली होती. टिश्यूची रोपं, चांगल्या लॅबची म्हणून घेतलेली. तेव्हा ते आठवडाभर शेतात गेले नव्हते. म्हणाले, "यांनी धीर धरला. आपल्याले दम निंगत नाही."

आणि मग फोटो. मी त्यांना खजुराच्या बागेचे फोटो दाखवत होते आणि एका फोटोवर त्यांनी माझा हात धरला. उंच झाडाच्या शेंड्याला घड लोंबतायत आणि प्रत्येक घडाला पिशवी बांधलीय. पक्षी खाऊ नयेत, पावसानं फळ सडू नये म्हणून. आमच्या केळीच्या घडांना घालतात ना, तशीच. अण्णांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, स्क्रीन पुसली, पुन्हा बघितलं. "स्कर्टिंग बॅग!" ते आईला ओरडून म्हणाले. आई स्वयंपाकघरातून पोळपाट तसाच टाकून आली. दोघं त्या फोटोवर वाकून पंधरा मिनिटं बोलत होते, की गाठ कुठं मारली असेल, वर चढणारा माणूस किती रोज घेत असेल. नर झाड वेगळं, मादी वेगळं, आणि दर वसंतात माणसानं वर चढून हातानं परागकण टाकावे लागतात, हे सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हंजे झाडाचं लगीन लावून द्या लागते."

या देशात येऊन पाच आठवडे झाले त्यांना. समुद्र दाखवला, डिस्ने दाखवलं, आर्टिशियाला नेऊन कचोरी खाऊ घातली. इतका उजेड चेहऱ्यावर मी पहिल्यांदा बघितला. दुकानातल्या केळ्यांवरचं ग्वाटेमालाचं स्टिकर उलटून बघताना थोडा दिसला होता, पण त्यात राग जास्त होता.

इंडिओत शील्ड्सची १९२४ पासूनची खजुराची बाग आहे. तिथं खजूर घातलेलं घट्ट मिल्कशेक मिळतं, ते लेकासाठी. मेदजूल घरी आणायचा, आईला त्याचे लाडू करायचेत. आणि मुनवा मिळतो का, हे अण्णांनी तीनदा विचारून झालंय. विमानातून झाडाचं रोप नेता येत नाही, कस्टमवाले धरतात, हे मी तीनदा सांगून झालंय. तरीही उद्या निघताना त्यांची पिशवी तपासणार आहे. विळा निघाला तर सांगेन.

आता रात्रीचे साडेदहा वाजलेत. आईनं दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या केल्यात, शेंगदाण्याची चटणी बांधलीय, वर चिवड्याचा डबा. एवढ्या शिदोरीत आम्ही मुंबईपर्यंत जाऊ शकलो असतो. नवरा गाडीत हवा भरून आलाय. आणि अण्णांनी मला त्यांच्या डायरीचं पान फाडून दिलंय, खजूरवाल्याला विचारायचे प्रश्न, इंग्रजीत करून ठेव म्हणून. निळ्या पेनानं, ठसठशीत अक्षरात:

एका झाडाला रोज पाणी किती?
पिशवी कितव्या दिवशी बांधता?
चढणाऱ्याची मजुरी काय?
भाव कोण ठरवतो?

शेवटच्या प्रश्नाखाली दोन रेघा आहेत. "हा पयले विचार," असं जाता जाता सांगून झोपायला गेले. मिल्कशेकच्या काउंटरवर जी कोणी कॉलेजातली मुलगी उभी असेल, तिला हे कुठल्या तोंडानं विचारायचं, याचा मी अजून विचार करतेय.